नियम मोडायचा तर पुरता मोडा

मोबाईलच्या कॅमेऱ्यात ग्रिड चालू केलं की पडद्यावर दोन उभ्या आणि दोन आडव्या रेषा उमटतात आणि चौकटीचे नऊ भाग होतात. संध्याकाळी गोव्यातल्या मिरामारच्या किनाऱ्यावर गेलात तर कित्येकांच्या फोनवर या रेषा दिसतील. क्षितिज खालच्या रेषेवर, सूर्य उजवीकडच्या छेदबिंदूवर, आणि बोट बटणावर. फोटो चांगला येतो, हेही खरं. फोटोग्राफीच्या वर्गात सुरुवातीलाच जे शिकवतात ते हेच, तृतीयांशांचा नियम. त्याच्या पाठोपाठ बाकीचे येतात. क्षितिज सरळ ठेवा. माणूस जिकडे पाहतोय तिकडे जागा सोडा. चौकटीच्या कडेने सांध्यावर हातपाय कापू नका. पार्श्वभूमी स्वच्छ ठेवा. सूर्याकडे तोंड करून फोटो काढू नका. आणि सगळं शिकवून झाल्यावर शेवटी सांगतात, "आता हे नियम मोडायलाही शिका."

पण कसे मोडायचे, कुठवर मोडायचे आणि मोडल्यावर बघणाऱ्याच्या डोळ्यांत नेमकं काय घडतं, हे फार थोडे जण सांगतात. ते समजून घ्यायचं तर आधी हे नियम आले कुठून आणि ते करतात काय, इथून सुरुवात करावी लागेल.

तृतीयांशांचा नियम फोटोग्राफीपेक्षा जुना आहे. जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज चित्रकाराने १७९७ मध्ये ग्रामीण निसर्गचित्रांवर लिहिताना हे नाव वापरलं. फोटोग्राफीची जाहीर घोषणा व्हायला तेव्हा आणखी चार दशकं होती. स्मिथच्या आधी जोशुआ रेनॉल्ड्स या चित्रकाराने लिहून ठेवलं होतं की चित्रात उजेड आणि अंधार सारख्या प्रमाणात असू नयेत, एकाचं वर्चस्व हवं. स्मिथने तो विचार पुढे नेला. जमीन आणि आकाश अर्धंअर्धं करण्यापेक्षा एकाला एक तृतीयांश आणि दुसऱ्याला दोन तृतीयांश द्या, चित्र जास्त सुखावह दिसतं, असं त्याचं म्हणणं. म्हणजे मुळात ही एका चित्रकाराची शिफारस होती. एकोणिसाव्या शतकात हेन्री पीच रॉबिन्सन यांच्यासारख्या, चित्रकलेतून फोटोग्राफीत आलेल्या मंडळींनी चित्रकलेचे असे संकेत फोटोग्राफीच्या पुस्तकांत आणले आणि पुढे शिकवता शिकवता शिफारशींचे नियम झाले.

तरीही ते टिकले, कारण ते उपयोगी आहेत. त्यामागे आपल्या डोळ्याची रचना आहे. हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे पाहिलं तर ते नख जेवढी जागा व्यापतं, साधारण तेवढ्याच भागात आपली नजर खरी तीक्ष्ण असते. बाकीचं सगळं अंधुक. आपल्याला समोरचं सगळं स्वच्छ दिसतंय असं वाटतं, कारण डोळा सेकंदाला तीन-चार उड्या मारत फिरत असतो आणि मेंदू ते तुकडे जोडत असतो. फोटो पाहतानाही हेच होतं. नजर आधी चेहऱ्यावर जाते, सर्वांत उजळ जागेवर जाते, उजेड-अंधाराच्या तीव्र सीमेवर जाते, जिथे फोकस आहे तिथे जाते. मग तिला प्रश्न पडतो, आता कुठे?

रचनेचा प्रत्येक नियम हे या प्रश्नाचं तयार उत्तर आहे. विषय कडेला ठेवला की नजरेला चौकटीत फिरायला वाव मिळतो. क्षितिज सरळ ठेवलं की पायाखाली जमीन असल्याचा विश्वास मिळतो. माणसाच्या नजरेपुढे जागा सोडली की आपली नजरही तिकडे जाते आणि तिथे थांबते. नियम मोडणं म्हणजे यांपैकी एखादं उत्तर बघणाऱ्याला न देणं. त्यातून त्याला अस्वस्थता, अडकल्याची भावना, ओढ, गोंधळ, कंटाळा यांपैकी काहीतरी वाटणारच. ते काय वाटावं हे तुम्ही आधी ठरवलं असेल तर नियम मोडला. ठरवलं नसेल तर फोटो बिघडला.

आणि तुम्ही ठरवलं होतं हे बघणाऱ्याला कळलंही पाहिजे. माझ्या मते या सगळ्या विषयाचं मर्म इथेच आहे. गाताना सूर किंचित उतरला तर गायक बेसूर ठरतो. तोच स्वर पुरता उतरून कोमल झाला तर राग बदलतो. फोटोतही अर्धवट मोडलेला नियम चूक दिसतो आणि पुरता मोडलेला नियम बोलू लागतो.

मधोमध

विषय मध्यभागी ठेवू नका, हा मोडायला सर्वांत सोपा वाटणारा नियम. प्रत्यक्षात तो सर्वांत काटेकोरपणे मोडावा लागतो.

मंगेशीच्या देवळासमोरचा दीपस्तंभ घ्या. मजल्यावर मजले, पांढरा, सगळ्या बाजूंनी सारखा. किंवा पणजीचं चर्च घ्या, ज्याच्या पायऱ्या दोन्ही बाजूंनी वळणं घेत सारख्या वर चढतात. बांधणाऱ्यांनीच या वास्तू एका अक्षाभोवती रचल्या आहेत. त्यांना तृतीयांशाच्या रेषेवर ढकललं तर अर्ध्या पायऱ्या तोकड्या पडतात आणि वास्तूचं म्हणणंच हरवतं. इथे मध्यच योग्य. पण मध्य म्हणजे अगदी मध्य. दीपस्तंभ मध्यापासून बोटभर सरकला की बघणाऱ्याला वाटतं, काढणाऱ्याचा अंदाज चुकला. समरूपतेत डोळा दोन बाजू सतत ताडून बघत असतो, त्यामुळे एरवी लक्षातही न येणारा फरक इथे टोचतो. म्हणून आधी जमिनीवर जागा शोधा. पायऱ्यांच्या मधल्या रेषेवर उभं राहा, दोन्ही कठडे चौकटीच्या कडांपासून सारख्या अंतरावर आहेत का ते पाहा, अर्धं पाऊल डावीकडे सरका, पुन्हा पाहा. कॅमेरा वर झुकवला की उभ्या रेषा वरती जवळ येतात आणि इमारत मागे कलंडल्यासारखी दिसते. ते नको असेल तर लांब जा आणि कॅमेरा सरळ धरा. हवं असेल तर अगदी पायथ्याशी जा आणि भरपूर वर झुकवा. या दोन्हींच्या मधली अवस्था टाळा.

माणसाच्या बाबतीत मध्याचा परिणाम वेगळा होतो. अमेरिकन फोटोग्राफर डायान आर्बस चौरस फिल्मवर काम करायची आणि तिची माणसं बहुधा मधोमध, समोर उभी, थेट कॅमेऱ्याकडे पाहणारी असत. १९६० च्या दशकात तिने काढलेला जुळ्या बहिणींचा फोटो अनेकांनी पाहिला असेल. दोघी शेजारी शेजारी उभ्या, चौकटीत दुसरीकडे जायला वाटच नाही. बघणाऱ्याची नजर त्या दोघींवर खिळते आणि मग त्यांच्यातले बारीक फरक शोधू लागते. मध्यावर ठेवलेला माणूस तुमच्यासमोर उभा राहून तुम्हाला बघतो. कुणाची नजर चुकवता येऊ नये असं वाटत असेल तर त्याला मध्यावरच ठेवा. आणि शक्य असेल तर चौकट चौरस करा, कारण आडव्या चौकटीत मध्याच्या दोन्ही बाजूंना रिकामी जागा उरते आणि ती उगाच नजर खेचते.

क्षितिजालाही हेच लागू. पावसाळ्यात खाजन शेतं, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेतं, पाण्याने भरतात, वारा पडलेला असतो आणि आभाळ जसंच्या तसं खाली उतरतं. अशा वेळी क्षितिज बरोबर मध्यावर आणलं तर वरचं आणि खालचं यांतलं खरं कोणतं, असा क्षणभर संभ्रम पडतो. तोच या फोटोचा विषय.

एक मात्र सांगायला हवं. पर्र्याच्या माडांच्या रस्त्याचा मधोमध उभं राहून काढलेला फोटो आता इतक्यांनी काढला आहे की मध्य हाच तिथला नियम झाला आहे. तिथे गेलात तर रस्त्याकडे पाठ करून बाजूच्या शेतांकडे पाहा.

तिरकं क्षितिज

उभ्या आणि आडव्या रेषांच्या बाबतीत आपली दृष्टी विलक्षण बारीक आहे. तिरक्या रेषा थोड्या इकडेतिकडे झाल्या तर कळत नाही, पण आडवी रेषा एखाद्या अंशाने जरी कलली तरी जाणवते. समुद्राचं क्षितिज तर अजिबात दया दाखवत नाही, कारण पाणी कलंडलेलं असू शकत नाही हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून एक-दोन अंशांनी कललेला समुद्र हा निव्वळ निष्काळजीपणा दिसतो. पंधरा-वीस अंशांनी कललेला समुद्र पाहिल्यावर मात्र बघणारा विचारतो, इथे काय चाललंय?

काही तरी चाललेलं असलं पाहिजे, नाहीतर तो प्रश्न वाया जातो. शिगम्यातली घोडेमोडणी पाहा. डिचोली, सत्तरीकडे कमरेला लाकडी घोडा बांधून, हातात तलवार घेऊन नाचणारे येतात, ढोल-ताशांच्या ठेक्यावर पुढे झेपावतात आणि मागे सरतात. नाचणारा झेपावताना त्याचं शरीर तिरकं होतं. कॅमेरा त्याच्या शरीराबरोबर कलवा, म्हणजे तो चौकटीत ताठ उभा राहील आणि मागचं अख्खं गाव, घरं, माड, बघे, कलंडलेले दिसतील. नाचणाऱ्याला त्या क्षणी जग जसं दिसत असेल तसं ते चौकटीत येतं. हीच तिरकी चौकट देवळाच्या शांत प्रांगणात बसलेल्या माणसावर वापरली तर तिला काही अर्थ राहत नाही.

न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर फोटो काढणारा गॅरी विनोग्रँड याच्या चौकटी वारंवार कललेल्या असत. त्या मनमानी नव्हत्या. चौकटीची जुळणी क्षितिजाशीच का करायची, असा त्याचा सवाल होता. त्याच्या फोटोंत बरेचदा क्षितिज सोडून दुसरं काहीतरी, एखादा खांब किंवा चालणारं माणूस, चौकटीच्या कडेला समांतर असतं. हे फार उपयोगी आहे. तिरक्या चौकटीतही काहीतरी एक सरळ असू द्या, नजरेला धरायला तेवढं पुरतं.

विनोग्रँडच्या आधी रॉबर्ट फ्रँक या मूळच्या स्विस फोटोग्राफरने १९५५-५६ मध्ये मोटारीने अमेरिका पालथी घातली. त्या प्रवासातल्या फोटोंचं पुस्तक १९५८ मध्ये पॅरिसमध्ये आणि १९५९ मध्ये अमेरिकेत निघालं. अमेरिकेतल्या समीक्षकांनी त्यावर झोड उठवली. धूसरपणा, फिल्मचे जाड कण, वेडंवाकडं क्षितिज यांवरच त्यांचा राग होता. आज ते विसाव्या शतकातल्या सर्वांत प्रभावी फोटो-पुस्तकांपैकी एक मानलं जातं. स्वतःच्या समृद्धीवर खूश असलेला देश एका परक्याला आतून एकाकी दिसला आणि ते त्याला नीटनेटक्या चौकटीत सांगता आलं नसतं. समीक्षकांनी ज्याला दोष म्हटलं तोच त्याचा आशय होता.

नजरेच्या मागची जागा

मला स्वतःला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटणारा नियमभंग हा. माणूस डावीकडे पाहत असेल तर डावीकडे जागा सोडा, असं शिकवतात. ती जागा म्हणजे त्याचं पुढे काय, याचं आश्वासन असतं. आता त्याला डाव्या कडेला चिकटवा आणि सगळी रिकामी जागा त्याच्या पाठीमागे ठेवा. पुढे भिंत, मागे पोकळी. बघणाऱ्याच्या मनात लगेच काळ शिरतो. हा माणूस कशाला पाठ करून बसलाय? मागे काय होतं?

गोव्यातल्या जुन्या घरांचं बाल्कांव यासाठी जणू तयारच आहे. दाराबाहेर दोन्ही बाजूंना समोरासमोर दगडी बैठका, एके काळी संध्याकाळी तिथे माणसं भरायची. आता कित्येक घरांतली मुलं परदेशी गेली आहेत आणि त्या बैठकीवर एखादी आजी एकटीच रस्त्याकडे पाहत असते. नियमाप्रमाणे तिच्यासमोर रस्ता दाखवला तर फोटो वाट पाहण्याचा होतो. तिला रस्त्याकडच्या कडेला सरकवून मागची रिकामी बैठक, बंद खिडक्या, उघडं दार आणि आतला काळोख यांना चौकटीचा मोठा भाग दिला तर फोटो घराचा होतो, आणि जे तिथे नाहीत त्यांचा होतो. आजी तीच, उजेड तोच, कॅमेरा हातभर फिरवला एवढंच.

इथे एक सांगतो, रचनेचे नियम आणि माणुसकीचे नियम यांत गल्लत करू नका. आजीला विचारल्याशिवाय फोटो काढू नये. पणजीच्या फोंतेन्हासमध्ये काही घरांबाहेर फोटो काढू नका अशा पाट्या लागल्या आहेत, त्या मोडण्यात कसलीही कला नाही.

कापणं

एदगार देगा या फ्रेंच चित्रकाराच्या १८७० च्या दशकातल्या चित्रांत माणसं कडेला अर्धी कापलेली दिसतात आणि मध्यभाग रिकामा असतो. त्यामागे जपानी छापचित्रांचा मोठा हात होता. हिरोशिगेने १८५० च्या दशकात एखादी फांदी किंवा चाक चौकटीच्या तोंडाशी आणून, कापून, त्यापलीकडे दूरचा देखावा दाखवला होता. युरोपला ते नवं होतं. कापलेली वस्तू सांगते की जग चौकटीबाहेरही चालू आहे.

किनाऱ्यावरची रापण, म्हणजे दोरांनी वाळूवर ओढून आणायचं मोठं जाळं, हे माझं आवडतं उदाहरण. रापण ओढायला दोन टोकांना कितीतरी माणसं लागतात आणि सगळे तो अख्खा देखावा पकडायला धावतात. त्याऐवजी फक्त दोर घ्या. एका कडेने आत येणारा, दुसऱ्या कडेने बाहेर जाणारा, ताणलेला, पाणी ठिबकणारा, आणि वाळूत रुतलेली दोन पावलं. ओढणारे दिसत नाहीत, जाळंही दिसत नाही. रेषांनी नजर विषयाकडे न्यावी, हा नियम मोडून इथे रेषा नजरेला बाहेर घेऊन जाते. समुद्रात केवढं वजन आहे याचा अंदाज बघणारा स्वतः करतो आणि त्याचा अंदाज बहुधा जाळ्यापेक्षा मोठा असतो.

डोकं कापताना मात्र दहा वेळा विचार करावा. मासळी बाजारात बाईचे फक्त हात आणि सुरी घेतली तर कौशल्य दिसतं, पण तिची ओळख पुसली जाते. अशा फोटोंच्या मालिकेत तिचा चेहरा कुठेच नसेल तर ती नुसती हात होऊन राहते. मला तसं करायला आवडत नाही.

गर्दी

पार्श्वभूमी स्वच्छ ठेवा हा नियम मला नेहमी परका वाटत आला आहे. शुक्रवारी म्हापशाचा बाजार भरतो तेव्हा स्वच्छ पार्श्वभूमी आणायची कुठून? मिरच्यांच्या माळा, चोरिसांच्या, म्हणजे गोव्याच्या सॉसेजच्या, लडी, मातीची भांडी, केळीचे घड, छत्र्या, दुचाक्या आणि या सगळ्यांतून वाट काढणारी माणसं. मागचं सगळं धूसर करून एकटी विक्रेती वेगळी काढली तर ती बाजारात होती हेच कळेनासं होतं.

रघुबीर सिंग हे भारतातल्या रंगीत फोटोग्राफीचं मोठं नाव. काळ्या-पांढऱ्या फोटोंना मान होता त्या काळात ते हट्टाने रंगीत काम करत राहिले आणि आपलं नातं भारतीय लघुचित्रांच्या परंपरेशी आहे, असं मानत. लघुचित्रांत एकाच चौकटीत अनेक घटना घडतात. एका सज्जात कुणी बोलतंय, खाली घोडा निघालाय, कोपऱ्यात माळी काम करतोय आणि सगळं सारख्याच स्पष्टतेने रंगवलेलं. रघुबीर सिंग यांच्या चौकटीही अशा भरलेल्या असतात. पुढे त्यांनी अॅम्बॅसडर मोटारीचं दार, काच, आरसा यांतून देश पाहिला, तेव्हा तर चौकटीचे आणखी तुकडे झाले.

अशी चौकट भरायला कष्ट पडतात. लेन्स २८ किंवा ३५ मिलिमीटरची, छिद्र लहान, एफ ८ किंवा एफ ११, म्हणजे जवळचं आणि लांबचं दोन्ही स्पष्ट येतं. फोनमध्ये हे आपोआप होतं, कारण सेन्सर लहान असतो. फक्त पोर्ट्रेट मोड बंद ठेवा. मग एका जागी उभं राहा आणि थांबा. एका माणसाचं डोकं दुसऱ्याच्या खांद्यात घुसलेलं नको. प्रत्येक आकृतीभोवती थोडी हवा हवी, बोटभर का होईना. दहा माणसं असतील तर दहाही सुटी वाचता आली पाहिजेत. ज्या क्षणी ती सुटी होतात तो क्षण फार थोडा टिकतो, पण येतो. स्वच्छ पार्श्वभूमीचा नियम मोडला, की त्याच्या जागी हा दुसरा आणि अधिक कठीण नियम स्वीकारावा लागतो. गर्दीचे बहुतेक फोटो फसतात ते लोकांनी पहिला नियम सोडला आणि दुसरा धरला नाही म्हणून.

हललेला फोटो

हातात धरून फोटो काढताना शटरचा वेग लेन्सच्या मिलिमीटरच्या आकड्याइतका तरी असावा, असा जुना ठोकताळा आहे. ५० मिलिमीटरची लेन्स असेल तर १/५० सेकंद किंवा त्याहून जलद. त्याच्या जरा खाली, १/३० ला गेलात की फोटो किंचित हलतो आणि फसतो. आणखी खाली, १/८ किंवा १/४ ला गेलात की तो पुन्हा जिवंत होऊ लागतो. अर्धवट आणि पुरता यांतला फरक याहून स्पष्ट कुठेच दिसत नाही.

शिगम्याच्या मिरवणुकीत १/८ सेकंदाने ढोलवाल्यांचे फोटो काढून पाहा. हात, दांड्या, गुलाल यांच्या रेषा होतात. पण काहीतरी एक स्थिर हवं, ढोलाची कड, एखाद्याचे टेकलेले पाय, नाहीतर मागे उभा असलेला म्हातारा. सगळंच हललं तर नजर कुठेच टेकत नाही आणि फोटो सोडून निघून जाते. चालत्या माणसाबरोबर कॅमेरा फिरवलात तर उलट होतं, माणूस बऱ्यापैकी स्थिर राहतो आणि गाव वाहून जातं.

जपानमध्ये १९६८-६९ च्या सुमारास 'प्रोव्होक' नावाच्या अल्पजीवी नियतकालिकाभोवती जमलेल्या फोटोग्राफरांनी, त्यात दाइदो मोरियामाही होता, कणदार, हललेले आणि फोकसबाहेरचे फोटो हीच आपली भाषा केली. रस्त्यावर आंदोलनं चालली होती, देश झपाट्याने बदलत होता आणि गुळगुळीत फोटो त्यांना खोटे वाटत होते. ६ जून १९४४ ला दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर रॉबर्ट कापा या युद्ध-फोटोग्राफरने काढलेले फोटोही हललेले आहेत. तिथे ठरवून काही करायला उसंत नव्हती, पण तो धूसरपणा आज पाहणाऱ्याला गोळीबारातल्या माणसाच्या नजरेसारखा वाटतो.

उजेड

याबद्दल थोडक्यात. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरचं जग सरासरी मध्यम करडं आहे असं गृहीत धरतो. म्हणून भर उन्हातलं पांढरं चर्च तो करडं करतो आणि जत्रेतल्या रात्रीच्या काल्याचा, म्हणजे दशावतारी नाटकाचा, काळोख उजळून टाकतो, दशावतारी नटाचा रंगवलेला चेहरा पांढराफटक पडतो. चर्चला एक-दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) जास्त उजेड द्या, काल्याला तितकाच कमी करा. इथवर ही दुरुस्ती झाली. त्यापुढे मोडतोड. काल्याचा चार पंचमांश भाग निखळ काळा राहू द्या, त्यात काहीही दिसलं नाही तरी चालेल. दिवाडी बेटाच्या फेरीबोटीवर संध्याकाळी सूर्याकडे तोंड करा आणि माणसांच्या फक्त आकृत्या ठेवा. आकृतीत चेहरा नसतो, म्हणून शरीराची ठेवण स्पष्ट हवी: सायकल धरलेला हात, कठड्यावर वाकलेली पाठ. दोन आकृत्या एकमेकींत मिसळल्या तर नुसता काळा डाग उरतो.

कुठे मोडू नयेत आणि सराव कसा करावा

लग्नात आईवडिलांना सगळ्यांचे चेहरे हवे असतात. ते आधी द्या, नीट, सरळ, उजळ. होमस्टेच्या खोलीचा फोटो बघून कुणी पैसे भरणार असेल तर ती खोली आहे तशी दिसली पाहिजे. बातमीच्या फोटोत चौकट कलवून गर्दी उग्र भासवणं ही तर फसवणूक आहे.

सरावासाठी एका वेळी एकच नियम घ्या. एकाच वेळी क्षितिज तिरकं, माणूस कापलेला आणि फोकस हुकलेला असेल, तर कशाने काय साधलं ते तुम्हालाच कळणार नाही. जिथे उभे आहात तिथून आधी नियमातला फोटो काढा आणि मग मोडलेला. घरी आल्यावर दोन्ही शेजारी ठेवा. मोडलेला फोटो फोनवरच्या क्रॉपने सरळ करून पाहा, माणसाला तृतीयांशावर आणून पाहा. सरळ केल्यावर काहीही गेलं नाही असं वाटलं तर तिरकेपणा उपरा होता. सरळ केल्यावर फोटो मेला तर तो तिरकेपणा त्याचाच होता. नंतर हे दोन्ही फोटो अशा कुणाला तरी दाखवा ज्याला फोटोग्राफीतलं काही कळत नाही, आणि "कोणता चांगला?" असं विचारू नका. "तुझी नजर आधी कुठे गेली आणि मग कुठे?" एवढंच विचारा. उत्तरात "हे चुकून झालंय का?" असं आलं तर पुढच्या वेळी त्याच जागी जा आणि आहे त्याच्या दुप्पट मोडा.